ओढ्यापल्याडची माती

"गाडी मागं घ्या, काकू!" संस्थानच्या हद्दीवरचा शिपाई चनमल्लप्पा ओढ्यापलीकडून ओरडला. "सोलापूरचं मयत हद्दीत घ्यायचं न्हाय, असा हुकूम हाय. तितं पटकी हाय न्हवं?"

बसव्वाने गाडीत नवऱ्याला दोन्ही हातांनी सावरून धरले होते. लिंगायताला बसवून नेतात, बसवूनच पुरतात. वीरभद्रप्पा सोलापूरच्या भवानी पेठेतून विभूती लावून असाच बसून आला होता. अलीकडे इंग्रजांचा मुलूख, पलीकडे संस्थान आणि मध्ये घोटाभर पाणी. पलीकडे भावकीच्या रुद्रभूमीत त्याची सहा महिन्यांची लेक पुरलेली होती. "मला तिच्याशेजारी बसवा," एवढेच त्याने मरताना मागितले होते.

"पटकीनं न्हाय रे गेले. गिरणीच्या कापसानं छाती भरली हुती. तुला ठावं हाय की!"

ठाऊक नसायला काय झाले? आईबापाविना पोरक्या चनमल्लप्पाला याच चुलत्याने वाढवले होते. पण अंगावर सरकारी डगला चढला की घरची माणसेही परमुलखातली होतात. चनमल्लप्पा रडत होता आणि काठी आडवी धरून उभा होता.

"समदे म्हणत्यात, फेडरेशन होणार," गाडीवान रावजी म्हणाला. "संस्थानं नि इंग्रजी मुलूख एक होणार."

"व्हईल तवा व्हईल. आज सोडलं तर माजी भाकर जाईल."

दिल्लीत मुलूख सांधायला बसलेल्यांना हा ओढा कुठला दिसायला! वैशाखाचे ऊन चढले. मयताला वास सुटला. अंत्यविधीला सोबत आलेल्या जंगमस्वामींनी उपरण्याचे टोक नाकाला लावले आणि बसव्वाला कळायचे ते कळले.

"हितंच खणा," ती म्हणाली.

रावजीने शेतमालकाचे पाय धरून बांधाकडेची जागा मिळवली. खड्डा झाला. वीरभद्रप्पाला आत बसवले, तळहातावर त्याच्या गळ्यातले इष्टलिंग ठेवले. माती भावकीतल्या पुरुषाने द्यायची.

"ये रे. आमाला तुज्याबिगर कोन हाय?"

"हद्द वलांडली तर मला परत घेणार न्हाईत, काकू."

बसव्वाला त्याचा संताप आला, आणि दयाही आली. तिने पदर खोचला आणि स्वतःच माती लोटली. खड्डा भरला तेव्हा ती ओढ्याच्या काठाशी आली.

"चनमल्ला, घरला जाताना पोरीकडं जा. तिला सांग, आप्पा ओढ्यापतुर आलता."

त्याने मान हलवली. सोलापूरच्या वाटेवर दुसरी गाडी दिसू लागली, तसे त्याने डोळे पुसले आणि काठी पुन्हा आडवी धरली.