रुमानियात गेलेला शब्द

“बोल ना बे, तोंडात काय कापूस कोंबला?” पोलीस जमादार म्हणाला.

तांड्याच्या नायकाच्या अंगणात शंकरसिंग यंत्रापुढं उकिडवा बसला होता. यंत्र ट्रंकेएवढं, बोललेलं गिळायचं आणि हुबेहूब ओकायचं. रुमानियाचा प्रोफेसर नवसाला आल्यासारखा हात जोडून समोर. त्याची हिंदी पुस्तकातली, इतकी शुद्ध की मारेगावचे हमाल ती ऐकून बिड्या विझवत.

तीन दिवस शंकरसिंग त्याला तांडे दाखवत हिंडला होता. जिनिंगवर चौकीदाराची जागा निघाली होती आणि चालचलणुकीचा दाखला जमादाराच्या हाती होता. पाहुण्याला खूश कर, मग देतो, असं त्यानं बजावलं होतं. शंकरसिंगचा बाप जन्मभर चौकीवर हजेरी देत मेला. गुन्हा एवढाच, की तांड्यात जन्मला. अख्ख्या तांड्याला जन्मजात गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा तो कायदा उठून आता, एकसष्टात, नऊ वर्षं झाली होती. जमादाराच्या डोळ्यांतून मात्र उठला नव्हता.

प्रोफेसर एका शब्दाचा माग काढत आला होता. त्याच्या मुलखात चोरण्याला ‘चोर्दी’ म्हणत. तो त्यांना तिथल्या भटक्या रोमा लोकांकडून मिळाला. रोमांच्या पूर्वजांनी तो हिंदुस्थानातून नेलेला. त्याआधी तो प्राकृतात, त्याही आधी संस्कृतात. आता तो इथल्या फिरस्त्यांच्या तोंडून ऐकला की त्याचं पुस्तक पुरं होणार होतं. तांड्यानं त्याला नाक, कान, बैल, भाकर, सारं दिलं. हा एक शब्द कोणी देईना. आमच्या बोलीत तो नाहीच, असं तांड्यातल्या तुळसाबाईनं शपथेवर सांगितलं.

“शब्द पोथीतलाच हाय नं, जमादारसाहेब,” शंकरसिंग हळूच म्हणाला. “मंग पोथीवाल्याइले काहून नाही इचारत?”

“पोथीवाल्याइले दाखला लागत नाही. बोल.”

शंकरसिंग बोलला, “चोर.”

यंत्रानं त्याच्याच आवाजात ते परत सांगितलं. प्रोफेसरनं गहिवरून त्याचा हात धरला. जमादार पोट धरधरून हसला आणि दाखल्यावर सही केली.

घरी माय, मानीबाई, वाट पाहत होती.

“कोनता शब्द नेला रे त्यानं?”

शंकरसिंगनं दाखला खिशात घातला. “पाणी.”

“मंग त्याले तसाच कोरडा काहून जाऊ देतं?”

म्हातारीनं तांब्या घासला, काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी धरून प्रोफेसरच्या जीपकडं गेली. प्रोफेसर यंत्र बांधण्यात गुंग होता. ड्रायव्हरनं तांब्या घेतला, जीपचं बॉनेट उघडलं आणि सगळं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं.