न उघडलेली डबी

नर्सबाईंनी माझ्या नवऱ्याला, अपाकुकीला, दहादा बजावलं होतं, "हृदयाची ही गोळी एक दिवससुद्धा चुकवू नकोस. अचानक सोडलीस तर जिवावर बेतेल."

तरी त्याचा चुलतभाऊ इनोके आला आणि म्हणाला, "दादा, माझ्या याच गोळ्या संपल्यात, औषधांची बोट कधी येईल कुणास ठाऊक," तेव्हा यानं घरात होती ती एकच नवी कोरी डबी उचलून दिली. आमच्या बेटावर नातलगानं मागितलं की नाही म्हणत नाहीत.

"निदान अर्ध्या ठेव!" मी ओरडले.

"भावाला मोजून देऊ? लाज वाटते का काही?"

बोट आल्यावरही नर्सबाईंकडे दुसरी मागायला गेला नाही. दिलेलं बोलून दाखवायचं नसतं म्हणे.

चौथ्या दिवशी तारोच्या कंदांच्या मळ्यात छाती धरून कोसळला, तो उठलाच नाही.

अंत्यविधीला इनोके रिवाजाप्रमाणे भेटीची चटई घेऊन आला. चटईवर ती डबी होती, सीलसुद्धा न फोडलेली.

"वहिनी, दुसऱ्याच दिवशी बोट आली, माझ्या गोळ्या मिळाल्या. पण दिलेलं परत केलं असतं तर दादाचा अपमान झाला असता."

मी डबीला हात लावला नाही.

"इनोके, मागितलं की नाही म्हणत नाही ना आपण? मग आज मी मागते. माझा नवरा दे."