फळ्याच्या पाठीवरची चिठ्ठी

साहेब, खोटं तुम्ही लिहिलंत आणि त्यासाठी छाती माझी वापरलीत. सहा दिवस ते खोटं मी मिरवलं. आता मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार.

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, शर्ट शिवणाऱ्या कारखान्यातला. दारातून आत आलं की हजेरीच्या टेबलाशेजारी दोन खिळ्यांना मी लटकलेला दिसतो. माझं घराणं काही थोर नाही. शिलाईची मशिनं ज्या खोक्यांतून आली, त्यांच्या फळ्या जोडून एका सुतारानं मला बनवलं. फळ्या सुटू नयेत म्हणून पाठीला दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या, पुढून काळा रंग दिला आणि टांगून तो निघून गेला. त्या पट्ट्या लक्षात ठेवा.

पहिली वर्षं सुखाची गेली. तेव्हा एक म्हातारे कटिंग मास्तर होते. रोज सकाळी ते माझ्यावर 'आजचा हात' असं लिहीत आणि खाली आदल्या दिवशी ज्याचं काम नजरेत भरलं त्याचं नाव. ज्याचं नाव येई, तो दिवसभरात दहा वेळा उगाचच माझ्यासमोरून पाणी प्यायला जाई. मलाही तेव्हा वाटायचं, आपण कुणीतरी आहोत.

मास्तर थकले, घरी बसले आणि साहेब, त्यांच्या जागी तुम्ही आलात. पहिल्याच दिवशी 'आजचा हात' पुसून तुम्ही 'आजची लाज' लिहिलंत. चूक करणाऱ्याचं पूर्ण नाव, खाली चूक. मग फोनवर फोटो, तो कारखान्याच्या ग्रुपवर. तिथून तो कुठे कुठे जाई ते तुम्हाला ठाऊक होतं. वर आणखी एक नियम: शनिवारी सगळ्यांसमोर ओलं फडकं घेऊन आपलं नाव आपणच पुसायचं. "लाज वाटली की हात सुधारतो," असं तुम्ही म्हणायचात. मी किती हात पाहिले! एकही सुधारला नाही. चूक झाकायला मात्र सगळे शिकले.

मित्रांनो, गोष्टींच्या पुस्तकात तुम्ही वाचलं असेल, राजानं चोराच्या तोंडाला काळं फासलं आणि गाढवावरून त्याची धिंड काढली. गावकरी हसले, तुम्हीही हसलात, गोष्ट संपली. दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या घरी काय झालं, हे कुठलं पुस्तक सांगतं? आणि त्या गाढवाला कुणी विचारलं होतं का? मी तेच गाढव आहे.

सूड म्हणून मी जमेल ते करायचो. साहेब लिहू लागले की खडू असा किंचाळवायचो की त्यांचे दात आंबावेत. त्यांच्या काळ्या पँटवर पांढरी भुकटी सोडायचो. पण एवढ्यानं काय होतं?

आता तिची गोष्ट. चौदा नंबरच्या मशिनवर एक बाई बसते. सगळे तिला कॉलरवाली म्हणतात, कारण तिनं शिवलेल्या कॉलरची दोन्ही टोकं अशी जुळतात की एक दुसऱ्याचं आरशातलं रूप वाटावं. मास्तरांच्या काळात तिचं नाव माझ्यावर सगळ्यांत जास्त वेळा आलं.

आमच्याकडे सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, चिठ्ठीवर चिकटपट्टीनं लावायचे, त्यावर साहेबांची सही घ्यायची, मगच नवी सुई. एक तुकडा जरी सापडला नाही तरी त्या मशिनचा सगळा गठ्ठा बाजूला काढायचा. नाहीतर तो तुकडा कुणाच्या तरी मानेत घुसायचा.

एका दुपारी कॉलरवालीची सुई मोडली. ती चिठ्ठी घेऊन आली. साहेब माझ्यापाशीच उभे होते.

"साहेब, दोन तुकडे मिळाले, टोक सापडत नाहीये. गठ्ठा बाजूला काढते."

"बाहेर ट्रक उभा आहे. गठ्ठा काढतेस की माझा जीव काढतेस? घे नवी सुई."

त्यांनी घाईघाईत सही ठोकली, चिठ्ठी माझ्या पाठीला चिकटवली आणि म्हणाले, "रजिस्टरला नंतर लावू."

ते 'नंतर' कधी आलंच नाही. महिन्याभरानं शर्ट परत आला. कॉलरमध्ये राहिलेल्या सुईच्या टोकानं एका गिऱ्हाइकाची मान सोलवटली होती. त्या सकाळी साहेब सगळ्यांच्या आधी आले, माझ्यामागे हात घालून चाचपू लागले. पण इस्त्रीच्या वाफेनं चिठ्ठी सुटून खाली घसरली होती आणि खालच्या पट्टीत अडकली होती. त्यांची बोटं वीतभर कमी पडली. मी ती चिठ्ठी दाबून धरली, मित्रांनो. आयुष्यात एवढा जोर कधी लावला नव्हता.

"गेली वाटतं केरात," साहेब पुटपुटले. आणि हसले! मग खडू उचलून त्यांनी माझ्यावर तिचं पूर्ण नाव लिहिलं. खाली लिहिलं, 'मोडकी सुई लपवली.'

"अहो साहेब, चिठ्ठी दिली होती की तुम्हाला!" कॉलरवाली कामावर येताच कळवळून म्हणाली.

"मग दाखव."

"तुम्हीच तर ठेवलीत!"

"म्हणजे मी खोटारडा?"

सगळा हॉल आपापल्या मशिनवर वाकला. तिची जिवाभावाची मैत्रीण काजवाली, जिची जीभ कात्रीसारखी चालते, तीही मान खाली घालून बटणांची काजं करत बसली. त्या गप्प बसणाऱ्यांचाही मला राग आला. अजून आहे.

कॉलरवाली भिंतीकडे तोंड करून डबा खाऊ लागली. तिची कॉलर वाकडी येऊ लागली. चौथ्या दिवशी ती काजवालीला म्हणाली, "मुलगी शाळेत जात नाही गं. तिच्या वर्गात फोटो गेलाय. मला विचारते, आई, तू खरंच लपवलीस का? शपथ घेऊन सांगितलं. ती हो म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही."

शनिवार आला. सोमवारी बाहेरचे तपासनीस येणार होते. तिनं फडक्यानं आपलं नाव पुसलं. तेवढ्यावर साहेबांचं भागलं नाही.

"नुसतं पुढून काय पुसतेस? खाली उतरव, मागची कोळ्यांची जाळीपण काढ. तेवढं तरी नीट कर!"

इस्त्रीवाल्या काकांनी मला खिळ्यांवरून उचललं, टेबलावर पालथं घातलं. तिनं खालच्या पट्टीवरून फडकं फिरवलं आणि तिचा हात थांबला. गंजलेले दोन तुकडे. तिचं अक्षर: 'टोक सापडले नाही.' तारीख. आणि साहेबांची लांबलचक शेपटीवाली सही.

काजवालीची जीभ सुटली. "या बया! साहेब, ही शेपटी कुणाची हो? उंदराची का?" तिनं फोन काढला.

"फोटो नको!" साहेब ओरडले. "माझा मुलगा आहे त्या ग्रुपवर!"

"माझ्या घरी काय मांजर आहे?" कॉलरवाली म्हणाली.

अहाहा! ते शब्द मी लाकडात मुरवून ठेवलेत. मला वाटलं, लिही आता त्याचं नाव, माझ्यावर मावणार नाही एवढं मोठं लिही. पण तिनं काजवालीचा फोन खाली केला. खडू घेतला आणि माझ्या पाठीवर, चिठ्ठीच्या वर लिहिलं: 'मी हे साहेबांना सांगितलं होतं का?' खाली स्वतःचं पूर्ण नाव. मला पाठ पुढे करून टांगायला लावलं. मग खडू साहेबांपुढे धरला.

"उत्तर तुमच्या हातानं लिहा. त्याचा फोटो मी माझ्या मुलीला दाखवणार आहे."

मशिनं बंद झाली, एकेक करून. या वेळी कुणी मान खाली घातली नाही.

मित्रांनो, माझा रंग उडालाय, एक फळी तडकलीय. मला दुरुस्त नाही केलंत तरी चालेल. पण कुणाचं नाव चारचौघांत टांगण्याआधी फळ्याची पाठ बघत जा.

आणि साहेब, तुम्ही खडू धरून उभे आहात. सोमवारी तपासनीस येतील. ती चिठ्ठी मी अजून तशीच धरलीय, सोडणार नाही. एकच शब्द लिहायचाय.

सांगितलं होतं तिनं? हो की नाही?