शून्य सेकंदांचे कॉल

“हा सत्तेचाळीसवाला नंबर कुणाचा रे, तोफज्जल?” रेझवानभाईंनी पडद्यावर बोट टेकवून विचारलं, आणि खोलीतल्या सगळ्यांच्या माना तोफज्जलकडे वळल्या.

पडद्यावर तोफज्जलच्याच फोनची कुंडली मांडलेली होती. मोबाइल कंपनी गिऱ्हाइकाला तीन नंबर निवडू द्यायची, ‘जवळचे नंबर’ म्हणून, आणि त्या तिघांशी निम्म्या दरात बोलता यायचं. रेझवानभाईंच्या कचेरीत तयार होत असलेला प्रोग्राम फोनमध्ये गुपचूप बसून राही. प्रत्येक कॉल टिपून ठेवी आणि कुणाशी किती बोललात, किती पैसे, किती टाका गेले, कुठली योजना घेतली असती तर किती वाचले असते, हे सगळं महिन्याकाठी तोंडावर फेकी. आज फोन विकणाऱ्या मोठ्या दुकानाचे मालक तो पाहायला शहराच्या टोकाला, मिरपूरपर्यंत आले होते. नमुना म्हणून तोफज्जलची नोंद लावली होती, कारण हा प्रोग्राम सगळ्यांत आधी, फाल्गुनातच, त्याच्या फोनमध्ये बसवला होता. आता कार्तिक चालू होता.

सत्तेचाळीसवर संपणाऱ्या नंबरापुढे लाल अक्षरं आली होती : ‘गेल्या तीन महिन्यांत बोलणे शून्य मिनिटे. हा नंबर जवळच्या यादीतून काढा.’

“गावाकडचा आहे, भाई,” तोफज्जल म्हणाला. “असाच.”

“असाच? तीन महिन्यांत एक मिनिट बोलला नाहीस आणि जवळच्यांत बसवून ठेवलायस? अरे, घरजावयालासुद्धा कधीतरी बाजारात पाठवतात!”

सगळे हसले. पाहुणे तर गदगदा हसले. “हे झकास आहे,” ते म्हणाले. “माणसाला स्वतःला पत्ता नसतो आणि यंत्र बरोबर नाडी पकडतं.”

तोफज्जलही हसला. हसण्यावाचून दुसरं काय करणार? तो नंबर त्याच्या बायकोचा होता.

पाहुण्यांना जिन्यापर्यंत सोडून रेझवानभाई परत आले ते खुशीतच. “शिरीन, शनिवारी त्यांना नवीन प्रत द्यायची आहे. आणि ते शून्य सेकंदांचे कॉल साठवणं बंद कर. जुनेही पुसून टाक. मिस्ड कॉलचा पसारा कशाला हवा? त्याचे पैसे पडत नाहीत, तर तो आपल्या कामाचा नाही.”

“ठीक आहे, भाई,” शिरीन म्हणाली. प्रोग्राम लिहिणारी तीच होती. सव्वीस वर्षांची, तिखट जिभेची, आणि कामाला वाघ.

गुरुवार होता. उद्या सुट्टी. रेझवानभाई गाडीची किल्ली फिरवत निघून गेले, आणि तोफज्जल आपल्या टेबलाशी येऊन बसला. आपण ‘असाच’ का म्हणालो, हे त्याला कळेना. ‘बायकोचा आहे’ एवढे दोन शब्द म्हटले असते तर जीभ झडली असती का? पण मग पुढचा प्रश्न आला असता, बायकोशी तीन महिने बोलला नाहीस? आणि त्याचं उत्तर पाच माणसांत, सुटाबुटातल्या पाहुण्यांसमोर देणं त्याच्या जिवावर आलं होतं.

तोफज्जलला प्रोग्राम लिहिता येत नव्हता. बी.कॉम. होऊन बारा वर्षं त्याने गुलिस्तान बाजारातल्या एका फोनच्या दुकानात काढली होती, तिथून रेझवानभाईंनी त्याला उचललं ते त्याच्या डोक्यातल्या दरांसाठी. पाच कंपन्या, प्रत्येकीच्या सात-आठ योजना, आणि दर पंधरवड्याला बदलणारे भाव. जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत काय दडवलंय, ते तो भिंग लावून वाची. मग स्वतः कॉल लावून, घड्याळ हातात धरून खात्री करी. मिनिट पूर्ण होऊन वर एक सेकंद गेला की दुसऱ्या मिनिटाचे पैसे कापतात की नाही, हे पाहायला तो राहायचा त्या मेसमधल्या मन्नानचाचांना फोन लावून पाढे म्हणायला सांगे. चाचा बिचारे म्हणत. थोडक्यात, बोलण्याची किंमत या शहरात तोफज्जलइतकी कुणाला ठाऊक नसेल, आणि म्हणूनच तो स्वतः बोलत नसे.

पटुआखाली जिल्ह्यातल्या आतल्या गावात त्याचं घर होतं. तिथे म्हातारी आई, आम्मा, होती आणि कोहिनूर होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण दरवर्षीच्या दोन ईदचे दिवस धरले तरी दोघं एका छपराखाली शंभर दिवसही राहिली नसतील. पैसे पाठवले, औषध आणलं, असलं कामाचं बोलणं बाजारात दुकान असलेल्या धाकट्या भावाकडून होई. कोहिनूरकडे जो फोन होता तो फक्त एका गोष्टीसाठी. संध्याकाळची मगरिबची नमाज झाली की ती एक रिंग देई आणि कापून टाकी. म्हणजे, मी बरी आहे. मग तोफज्जल एक रिंग देई. म्हणजे, मीही. दोनदा रिंग दिली तर ‘फोन करा’ असा अर्थ ठरला होता, पण त्याची वेळ एकदाच आली होती, अब्बा गेले तेव्हा. बाकी सगळा संसार त्या एका रिंगवर चालला होता. कंपनीने तीन जवळचे नंबर लिहायला सांगितले, तेव्हा पहिला त्याने तो लिहिला. त्यावर एक पैसा वाचणार नव्हता, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण जवळचा म्हणून दुसरा कुणाचा नंबर पहिला लिहायचा?

शिरीन पिशवी भरायला लागली, तसा तो उठला.

“आपा, ते मिस्ड कॉल आजच पुसणार का?”

“शनिवारी सकाळी. का हो?”

“माझ्या फोनमधले... त्या सत्तेचाळीसचे... कागदावर काढून मिळतील?”

शिरीनने त्याच्याकडे पाहिलं. “तोफज्जलभाई, कोण आहे ही?”

“बायको.”

“आणि तुम्ही सगळ्यांसमोर ‘असाच’ म्हणालात!” तिने पिशवी खाली आपटली. “माझ्या नवऱ्याने असं केलं असतं ना, तर घरात नसता घेतला. बसा. काढते.”

यंत्र करकर करत कागद ओकू लागलं. दहा पानं झाली. प्रत्येक ओळीत कॉल आला की गेला, तारीख, वेळ, आणि शेवटी तेच, शून्य सेकंद. शिरीन चहा पीत त्या ओळींवरून नजर फिरवू लागली आणि मध्येच थांबली.

“अहो, ही वेळ बघा. फाल्गुनात सहा-बारा. मग सहा-वीस, सहा-तीस... आषाढात सात. आता परत उतरत उतरत साडेपाचवर आलीय. ही घड्याळ बघून फोन करत नाही, सूर्य बघून करते.”

इतके दिवस ती रिंग रोज आली आणि रोज तेवढ्यापुरती संपली. ती अशी एकाखाली एक उभी राहिलेली तोफज्जलने कधी पाहिली नव्हती. अंगणातल्या नळावर हात-पाय धुणारी, डोक्यावर पदर घेऊन चटईवर वाकणारी, मग खांबाशी उभी राहून फोनचं बटण दाबणारी कोहिनूर त्याला पानोपानी दिसू लागली. आपण तिथे असावं, त्या खांबाशी, आत्ता, असं त्याला इतकं वाटलं की तो खुर्चीवरून अर्धा उठलाच.

“आणि इथे चार दिवस काहीच नाही,” शिरीनने बोट ठेवलं.

“ती ईद. मी घरीच होतो ना!” तो जरा मिरवतच म्हणाला. “मी असल्यावर रिंग कुणाला द्यायची?”

“बरोबर. आणि हे चैत्रातले नऊ दिवस? तेव्हापण गेला होतात?”

तोफज्जलने पान जवळ ओढलं. चैत्राच्या शेवटी, वैशाखात येणाऱ्या नववर्षाच्या थोडं आधी, कोहिनूरच्या ओळी नव्हत्या. पण त्याच्या स्वतःच्या होत्या. रोज एक. त्याला आठवलं. तेव्हा वादळाचे दिवस होते. बाजारात बॅटरी भरून देणारा दुकान बंद करून बसला असेल, असं मनाशी म्हणून तो झोपी गेला होता. नऊही दिवस. पण फोनची बॅटरी संपली असती, तर त्याची रिंग तरी कशी गेली असती? ती गेली होती. त्याने स्वतःच्या कानाने ऐकली होती. दराच्या जाहिरातीतला ठिपकाही ज्याच्या नजरेतून सुटत नाही, त्या माणसाला एवढं साधं कळलं नव्हतं.

“काय झालं?” शिरीनने विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. एक रिंग, आणि बंद. कोहिनूर बरी होती. तोफज्जलने घड्याळाकडे न बघता तिचा नंबर लावला आणि कापला नाही.

खूप वेळाने तिकडून फोन उचलला गेला. “कोण? तुम्ही? काय झालं हो?” कोहिनूरचा आवाज पार घाबरला होता.

“काही नाही. सहज केला.”

“सहज कसा? बरं नाही का? नोकरी गेली?”

“अगं, नाही. सगळं ठीक आहे.”

“मग ठेवा. पैसे चाललेत.”

“चालू देत. कोहिनूर, चैत्रात नऊ दिवस तू रिंग दिली नव्हतीस.”

तिकडे कोंबड्यांना खुराड्यात घालत असल्याचा आवाज येत होता. आम्मा कुणालातरी ओरडत होत्या. “वादळं होती ना तेव्हा,” कोहिनूर म्हणाली.

“माझी रिंग येत होती तुझ्याकडे.”

ती मग चालत कुठेतरी लांब गेली असावी, कारण कोंबड्यांचा आवाज थांबला.

“दिवस गेले होते मला,” ती म्हणाली. “तिसरा लागला होता. चौथा लागला की तुम्हाला कळवणार होते. मागच्या वेळी तुम्ही घरी होतात म्हणून घाईने सांगितलं आणि पुढच्याच आठवड्यात... म्हणून म्हटलं, या वेळी पक्कं झाल्यावर सांगू. नाही राहिलं.”

तोफज्जल भिंतीला टेकला.

“आम्मा म्हणाल्या, त्याला नको सांगू. तिकडे एकटा आहे, जेवणखाण सोडेल.”

“एक रिंग तरी द्यायचीस गं.”

“ती कशी देऊ? एक रिंग म्हणजे बरी आहे. मी बरी नव्हते. खोटी रिंग देऊ का तुम्हाला?”

“मग दोन द्यायच्या.”

“दोन दिल्या असत्या तर तुम्ही फोन केला असता. मला बोलावं लागलं असतं. तेव्हा माझ्याच्याने नसतं बोलवलं.”

“मी ईदला आलो होतो, कोहिनूर. चार दिवस होतो.”

“घरात सतरा माणसं होती. भांडी घासता घासता सांगायची का ही गोष्ट?” तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तोच त्याला जास्त लागला. “तुमची रिंग यायची बरं का रोज. उशाशीच ठेवला होता फोन. रोज वाटायचं, आज ही थांबणार नाही. आज वाजत राहील. मग थांबायची. मग वाटायचं, जाऊ दे, बरे आहेत, तेवढं तरी...”

आणि फोन तुटला. एक बाई गोड आवाजात सांगू लागली की, आपल्या खात्यात पुरेशी रक्कम नाही.

तोफज्जलने फोन कानापासून दूर केला. दर तपासायच्या कॉलमध्ये दुपारीच पैसे संपत आले होते, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. खाली रिचार्ज करायला गेला तर समोरच्या दुकानापुढे ही गर्दी; दहा-पंधरा मिनिटं रांगेत उभा राहून तो तसाच वर आला. शिरीनने काही न विचारता आपला फोन पुढे केला. तो घ्यायला त्याने हात लांब केला, तोच त्याचा स्वतःचा फोन वाजला. सत्तेचाळीस.

तो पाहत राहिला. नऊ वर्षांची सवय ती. रिंग झाली की थांबायचं.

“उचला ना!” शिरीन म्हणाली.

“नाही, कापेल ती,” तो म्हणाला. “तिच्याकडे फोन करण्याइतके पैसे नसतात.”

दुसरी रिंग झाली. तिसरी. चौथी. पाचव्या रिंगला त्याने उचलला. पलीकडून नुसता श्वास येत होता, चालून आल्यासारखा.

शिरीनने तिच्या टेबलावरचा दिवा मालवला, पिशवी उचलली आणि त्याच्याकडे न पाहता दार ओढून घेतलं.

“ऐकताय?” कोहिनूर म्हणाली. “आम्मांच्या औषधातले वीस टाका भरून आणलेत यात. मघाशी सांगत होते ते... कुठून सांगू आता?”

तोफज्जल खाली फरशीवर बसला. पाय लांब केले, पाठ भिंतीला लावली, आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“पहिल्या दिवसापासून,” तो म्हणाला.