धाकटीच्या वाटणीतलं झाड

"वहिनी, माझ्या झाडांवर दयामाया नको हं. वाकडं दिसलं की ओढा पट्टा," बांधापलीकडून धाकटी जाऊ ओरडली.

"तू आधी माझ्या रानात नीट बघ. नाहीतर कुबडी म्हणता म्हणता धडधाकट पण उडवशील," थोरलीने उत्तर दिलं आणि रंगाच्या डब्यात ब्रश बुडवला.

बांधाच्या खालच्या अंगाला धाकटीचं पाइनचं रान, वरच्या अंगाला थोरलीचं. आज मात्र थोरली खालच्या रानात होती आणि धाकटी वरच्या. तिकडची रीतच तशी. झाडं मोठी होऊन एकमेकांत घुसायला लागली की विरळणी करावी लागते. तिघांतलं एक पाडायचं, म्हणजे उरलेल्या दोघांना ऊन मिळतं, बुंधा भरतो. पण कुठलं पाडायचं ते मालकाने ठरवायचं नाही. त्याचा जीव अडकतो. ज्या रोपाला आपण काठीचा आधार दिला, ते कुबडं निघालं तरी पाडवत नाही. मग सगळंच रान काड्यांसारखं राहतं. म्हणून शेजाऱ्याच्या झाडांवर शेजाऱ्याने पांढरा पट्टा ओढायचा. करवतवाला पट्टा बघतो आणि पाडतो. तो विचारत नाही, मालकही विचारत नाही. आपल्या लेकराचे गुणदोष दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघावेत, यात शहाणपण आहे. फक्त तो डोळा निर्मळ हवा.

थोरलीचा डोळा बरीच वर्षं खुपत होता.

सगळी रोपं सासऱ्यांनी एकाच हंगामात लावली होती. दोघी सुनांनी गुडघे टेकून त्यांच्या भोवतीचं गवत उपटलं होतं. सासरे गेले, भावांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा धाकटीच म्हणाली होती, "वहिनी, तुम्ही थोरल्या. आधी तुम्ही बोट ठेवा." थोरलीने वरच्या तुकड्यावर बोट ठेवलं. रस्त्याला लागून होता, ऊन भरपूर होतं. पुढे कळलं, हातभर खाली नुसता खडक. चढावरची ओल आणि चांगली माती, दोन्ही हळूहळू उतरून धाकटीच्या तुकड्यात जात होती. कुणी फसवलं असतं, तर त्याच्या नावाने बोटं मोडता आली असती. इथे बोट आपलंच होतं. मग जळायचं कुणावर? धाकटीवर. ती हाताशी होती.

परवा जेवता जेवता नवरा सहज म्हणाला होता, "खालची झाडं काय भरलीत गं. बुंध्याला कवेत घ्यावंसं वाटतं."

"मग जा की, मिठ्या मारत बसा," असं म्हणून थोरलीने डाव पातेल्यात आपटला होता. नवऱ्याला वाटलं, हिचं डोकं दुखत असावं. तो बिचारा खाली मान घालून जेवला.

सकाळभर थोरलीने काम मात्र सचोटीने केलं. दोन शेंडे फुटलेलं झाड, पट्टा. शेजाऱ्यांच्या सावलीत पिवळं पडलेलं, पट्टा. साल सोलवटून राळ गळणारं, पट्टा. आणि मग ते झाड आलं.

ओळंबा सोडावा तसं सरळ. खालच्या फांद्या वेळच्या वेळी छाटलेल्या, त्यामुळे बुंध्यावर गाठ म्हणून नाही. धाकटीच्या नवऱ्याकडे कुणी पाहुणा आला की तो त्याला आधी इथे आणायचा. धाकटी दमली की याच्याच बुंध्याला टेकून बसायची. तिथल्या सुया, म्हणजे गळालेली सुईसारखी पानं, बसून बसून दबल्या होत्या. थोरलीने वर पाहिलं. मग चार पावलं सरकून एक डोळा बारीक करून पाहिलं. शेंडा जरासा डावीकडे झुकलाय का? असं टक लावून पाहिलं तर कुणाचाही शेंडा झुकलेला दिसतो. देवाने माणसाला दोन डोळे दिले ते एकाने आपलं बघावं आणि एकाने दुसऱ्याचं, म्हणून. मत्सराला मात्र दोन्ही शेजारीच लागतात.

ब्रश बुंध्याभोवती फिरला आणि जिथून निघाला होता तिथे येऊन टेकला.

मग थोरलीच्या मनात आलं, हे एकटंच उठून दिसेल. म्हणून शेजारच्या दोन चांगल्या झाडांनाही तिने पट्टे ओढले.

दुपारी दोघी बांधावर डबा उघडून बसल्या. धाकटीच्या नाकालाही रंग लागला होता.

"झाडं रंगवायला गेली होतीस की तोंड?" थोरली म्हणाली.

"हसा तुम्ही. माझी मान मोडली वर बघून बघून," धाकटी म्हणाली. "त्या कोपऱ्यातल्या जोडीपाशी तर मी किती वेळ उभी होते. एक काढावं तर दुसरं उघडं पडतं, वारा थेट अंगावर. शेवटी दोन्ही ठेवली. चालेल ना?"

"मला काय विचारतेस? विचारायचं नसतं."

"तेही खरंच. तुमचं झालं सगळं?"

"वरची कड राहिली आहे."

"माझं ते लाडकं कसं आहे? म्हातारं नाही ना झालं?" धाकटी हसत म्हणाली.

थोरलीचा घास तोंडातच फिरत राहिला. करवतवाला उद्या सकाळी यायचा होता. संध्याकाळी जाऊन तीन पट्टे खरवडून टाकावेत, असं तिने मनाशी ठरवलं. ठरवल्यावर घास उतरला.

पण डबा आवरून उठल्यावर पाय आधी स्वतःच्या रानाकडे वळले. धाकटीने काय केलंय ते पाहायचं होतं. खरं सांगायचं तर तिला एक चूक हवी होती. एकच. एखाद्या चांगल्या झाडावर आकसाने ओढलेला पट्टा सापडला असता, तर फिट्टंफाट झाली असती. ती झाडाझाडापाशी थांबली. धाकटीचा एकही पट्टा चुकीचा नव्हता. वेळेअभावी थोरलीकडून छाटायच्या राहिलेल्या दोन वाळक्या फांद्याही धाकटीने जाता जाता कापून, नीट रचून ठेवल्या होत्या.

आणि खालून करवत सुरू झाल्याचा आवाज आला.

थोरली धावली. सुयांवरून पाय घसरत होते. ती पोचायच्या आत रानातून लांब करकर उठली आणि जमीन हादरली.

आडव्या पडलेल्या धाकटीच्या लाडक्या झाडापाशी करवतवाला कानातला बोळा काढत उभा होता. "दुसरीकडचं काम लवकर उरकलं, म्हटलं आजच हात लावू," तो म्हणाला. "चुकलं का काही? पट्टा होता, पाडलं."

धाकटी त्याच्या शेजारीच होती. ती त्यालाच समजावत होती, "नाही हो, तुमचं बरोबर आहे. वहिनींनी पट्टा ओढला म्हणजे आतून काही तरी असणार." ती वाकली आणि बुंध्याचा ताजा काप हाताने पुसला. पांढराशुभ्र, गोल, कुठे किडीचा ठिपका नाही. कडेने राळेचे थेंब उमटत होते. तिने पुन्हा एकदा पुसून पाहिलं. मग थोरलीकडे वळून म्हणाली, "वहिनी, मला दिसत नाहीये. काय होतं याला?"

शेंड्याचं सांगता आलं असतं. शेंडा आता झुडपात पडला होता, कोण बघणार होतं.

"काही नव्हतं," थोरली म्हणाली.

"मग?"

"चांगलं होतं. म्हणूनच."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. करवतवाल्याने उगीचच करवतीची साखळी तपासायला घेतली. थोरलीने त्याच्या कमरेचा कोयता मागून घेतला आणि शेजारच्या दोन झाडांवरचे पट्टे खरवडायला सुरुवात केली. सालीचे कपचे पडले, खालची लालसर साल उघडी पडली. दुसऱ्या झाडापाशी कोयता तिच्या बोटाला लागला.

"हात धुऊन घ्या," धाकटी म्हणाली. "आणि माझे पट्टे उद्याच्या आत एकदा बघून घ्या."

"बघितले."

"मग?"

"सगळे बरोबर आहेत."

धाकटीने मान हलवली. करवतवाल्याने पडलेल्या झाडाच्या फांद्या उतरवून ओंडके केले. गाडी रस्त्यावर होती, तिथवर ते हातानेच न्यायचे होते. सगळ्यात जाड ओंडक्याचं बारीक टोक धाकटीने उचललं. दुसरं टोक घ्यायला करवतवाला पुढे झाला, तोच थोरली आडवी आली.

"बाई, बुंध्याकडचं आहे. जड जाईल," तो म्हणाला.

"असू दे."

तिने ते खांद्यावर घेतलं. राळेने मान चिकट झाली. पुढे धाकटी, मागे थोरली, अशा दोघी चढ चढू लागल्या. धाकटीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. वाटेत पाण्याचा चर आला. ती तो ओलांडून गेली, आणि ओंडका तसाच खांद्यावर धरून, पाठमोरीच, थोरलीचा पाय अलीकडून पलीकडे येईपर्यंत थांबून राहिली.