चिमणीच्या डोळ्यांवरची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे, टीव्हीसमोरच्या सोफ्यावरची. आईने जुन्या पडद्याचा अभ्रा शिवला, कापूस दाबून भरला आणि मला थोपटत म्हणाली, "घे, सगळ्यांच्या पाठी आता तुझ्या हवाली."

पण मला पाठींपेक्षा डोळेच जास्त लाभले. घरातल्या धाकटीला सगळे चिमणी म्हणत. पडद्यावर कुणी सुरा उपसला की ती मला तोंडावर ओढायची. तिच्या पापण्यांची फडफड मला आतल्या कापसापर्यंत कळायची आणि मी धन्य व्हायचे. देवाने कानांना झाकणं दिली नाहीत, पण डोळ्यांना दारं दिली, ती काय उगाच?

थोरल्या दादाला मात्र कापाकापीचे सिनेमे जीव की प्राण. त्याने खेळच काढला: जो आधी उशीत तोंड लपवेल, तो बाद.

"चिमणाबाई बाद! घाबरट कुठची!"

"घाबरत नाही काही. मला त्या माणसाचं वाईट वाटतं."

"अगं वेडे, तो लाल रंग असतो!"

आई म्हणायची, "नसेल बघवत तर नको बघूस, बाळा. त्यात कसली आलीय हार?" पण दादाच्या शाबासकीपुढे आईचा शब्द फिका पडला. चिमणी दात आवळून बघायला शिकली. आधी मला मांडीवर घेऊन बसायची, मग नुसती शेजारी ठेवून. एका दुपारी तिने अख्खा सिनेमा पापणी न लवता पाहिला. दादाने टाळ्या वाजवल्या. मी खाली पडले ते कुणाला कळलंही नाही.

पुढे काचेची बरणी फुटून आईचा तळहात चिरला. रक्ताची धार लागली.

"चिमणे, फडकं आण गं, लवकर!"

चिमणी जवळ आली, वाकली आणि तिथेच उभी राहिली. "थांब ना आई, बघू दे. सिनेमात याच्यापेक्षा जास्त येतं."

काच लागली तेव्हा आई ओरडली नव्हती. आता तिने तोंड फिरवलं. दादाच फडकं घेऊन धावला. पट्टी बांधताना त्याने दोनदा डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी त्याने टीव्ही बंद केला आणि मला चिमणीच्या हातांत कोंबलं. "घे, लपव बघू तोंड, पूर्वीसारखं. मी नाही हसणार."

"कशाला रे दादा?"

पोर खरंच विचारत होती. दादाने मला परत सोफ्यावर ठेवलं.

मित्रांनो, तुमच्याशेजारी कुणी डोळे मिटून घेतले, तर त्याला हसू नका. मला पदर नाही. हा विटका अभ्राच पसरून मागते. आमच्या घरात आता हे मागून उपयोग नाही.