सहा वारांच्या सहा डिस्क

अर्धा फॉर्म भरेपर्यंत सगळं सुरळीत होतं. नंदनवन वस्तीतल्या त्या थॅलेसेमिया केंद्राची माहिती क्लाऊडवर न्यायची होती आणि केंद्र त्याला कितपत तयार आहे, हे तपासायला पियूष आला होता. बॅकअपचा रकाना आला तसं केंद्राच्या नोंदी सांभाळणाऱ्या जयाताईंनी कपाटातून सहा डिस्क काढून मांडल्या. सोमवार ते शनिवार, प्रत्येकीला कुंकवाचं बोट.

"एका दिवसाचा खाडा नाही," त्या हळूच म्हणाल्या.

नेमच होता तो. संध्याकाळी पाचला त्या वाराची डिस्क लावायची, पडद्यावरचं 'रुग्ण' नावाचं चिन्ह ओढून तिच्यात टाकायचं आणि एक माळ जप होईस्तोवर जागचं हलायचं नाही. जुन्या कॉम्प्युटरवर कॉपीला तेवढाच वेळ लागे. चार वर्षांपूर्वी नवा आला, सोबत या नव्या डिस्कही, आणि काम पापणी लवायच्या आत होऊ लागलं. जयाताईंनी देवाचे आभार मानले. माळ मात्र सोडली नाही.

"कधी उघडून पाह्यलं काय, ताई?"

"काहून नाही? दर एकादशीले पाहते." त्यांनी सोमवारची डिस्क लावून 'रुग्ण' उघडलं. तीनशे बारा लेकरांची नावं भराभर खाली उतरली. "हे पाहा."

पियूषने तीच डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावली. काही उघडेना. मंगळवारची लावली. बुधवारची. शनिवारपर्यंतच्या सगळ्या लावून पाहिल्या.

"तुमच्या मशीनले जमत नसंल," जयाताई म्हणाल्या.

"ताई, हा शॉर्टकट आहे. म्हणजे घर नाही, घराचा पत्ता. नवा कॉम्प्युटर बसवताना कोणी तरी पडद्यावर ठेवला असंल. तुम्ही चार वर्षं पत्त्याची चिठ्ठीच जपून राहिल्या. इथं लावली की घर सापडते, कारण घर इथंच आहे. या एका डब्ब्यात."

टेबलाखाली कॉम्प्युटरचा डब्बा घरघरला. पंधरा दिवसांपासून घरघरत होता, कधीही बंद पडेल असा.  त्या तीनशे बारांतल्या सात वर्षांच्या दीप्तीला कोणतं रक्त चालत नाही, ते त्या डब्ब्यात होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं.

दार ढकलून डॉक्टर भैरवी आत आल्या. "झालो का पास? बॅकअपचं नको विचारू रे बाबा, जया आहे म्हणून मी निवांत झोपते."

पियूषने मान खाली घातली. "मी सांगू काय, ताई?"

"नाही. मीच सांगते."

त्यांनी सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. भैरवी मॅडम पेशंटच्या स्टुलावर टेकल्या.

"पण तू तर एक दिवसही..."

"हो. एकही नाही."

पियूषने खरं फोल्डर शोधून सोमवारच्या डिस्कमध्ये कॉपीला लावलं. पडद्यावर आलं : एक तास बारा मिनिटं.

"कोणी डब्ब्याले हात लावू नका. अन् ताई, फॉर्मवर 'तयार नाही' लिहावं लागंल."

"लिहा. माझ्या नावानं लिहा."

जयाताईंनी माळ हातात घेतली. ओठ हलेनात. घरघर मध्येच थांबली, तिघांचेही श्वास थांबले, आणि ती पुन्हा सुरू झाली. मग पहिला मणी सरकला. माळ पुरी झाली तेव्हा हिरवी पट्टी अर्ध्यावरसुद्धा आली नव्हती. त्यांनी माळ फिरवून पुन्हा धरली.